कुलूप लागलेल्या घराची पाळी

कोथळखेड
श्रावणातला दुसरा सोमवार

शेवंतास थोरल्या जावेचा आशीर्वाद.

फोन करणं मी सोडून दिलं. दर वेळी तुझा विलास उचलतो आणि म्हणतो, "मोठी आई, आई देवळात गेली." पुण्यात माणसांपेक्षा देवळंच जास्त दिसतात बाप्पा! म्हणून हे पत्र. माझं अक्षर चौथीत होतं तसंच राहिलं. लिहायला बसले की मी पुस्तकी होते, त्यावर रेवती हसते. हसू दे.

रेवती म्हणजे माझ्या उत्तमची मोठी. तू गेलीस तेव्हा पाळण्यात होती. आता अकरावीला आहे, रोज तालुक्याला जाते, आपल्या गावातून निघणाऱ्या गाडीनं. हो, गाडीनं. "ज्या गावाला रस्ता नाही तिथं माझी लेकरं वाढणार नाहीत," असं भर पारावर बोलून तू गेलीस आणि मागं वळून पाहिलं नाहीस. तुझं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही. वामनभाऊजींना बाजेवर घालून आपण नेलं, पिंपळनाला भरून चालला होता, आणि पाणी उतरायची वाट बघत अलीकडच्या काठावर आपण बसून राहिलो. पलीकडं जायची गरजच उरली नाही. मीही होते तिथं, शेवंता. तुझ्या एकटीचे नव्हते ते.

पण त्याच नाल्यावर आता पूल आहे. डांबरी सडक झाली. लाल गाडी येते, तीही मुक्कामी. दिवेलागणीला येते, पारापाशी झोपते, सकाळी पोरींना घेऊन जाते. एवढं झालं आणि तू एकदाही पाहायला आली नाहीस, हा माझा राग आहे. लिहून टाकला. आता बरं वाटतं.

ड्रायव्हर रहीमचाचा आणि कंडक्टर ढोरे रात्री गावातच असतात. त्यांचं जेवण गाव करतं, घरटी पाळीनं. रोजे असले की ज्या घरची पाळी त्या घरची बाई चाचासाठी तांबडं फुटायच्या आधी उठते, तिला सांगावं लागत नाही. मधे गावातली माणसं पांगली. कोणी सुरतेला, कोणी नाशकाला, कोणी तुझ्यासारखं पुण्याला. निम्म्या दारांना कुलपं. तेव्हा गावानं ठरवलं की कुलूप लागलं म्हणून पाळी चुकणार नाही. भाऊबंदांनी कुलूप काढायचं, घर झाडायचं, आणि त्याच घरच्या चुलीवर रांधायचं. चूल पेटते आहे तोवर ते घर, नाहीतर नुसत्या चार भिंती. तुझ्या घराची पाळी मी करते. किल्ली चौकटीवरच्या कोनाड्यातच आहे, तू ठेवलीस तिथं. तुझा तवा मात्र वाकडा आहे. कशी भाकरी करायचीस त्याच्यावर, देव जाणे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा ढोरे जेवता जेवता थांबला. म्हणाला, "काकू, आगारात बोलनं चालू हाय. ह्या गाडीचं भारमान लय कमी हाय. दिवाळीनंतर बंद करतीन."

"भारमान काय अस्ते रे?"

"जागा किती भरतात, थे."

"आमच्या पोरी भरतात की!"

"पोरी पासावर, काकू. अन् पोरी सोडल्या तं गावात हाय कोन?"

उत्तम तिथंच होता. तो म्हणाला, "गाडी बंद, तं शाळा बंद. फाट्यावरी दोन कोस जंगलातून पोरीले पायी पाठवू काय?" रेवतीनं ताटं उचलली आणि घासायला बसली. आधीच घासलेलं पातेलं तिनं पुन्हा घासलं. शाळा बंद झालेल्या पोरीचं पुढं काय होतं ते तुला-मला कोणी सांगायला नको, आपण दोघी त्याच वाटेनं या घरात आलो.

तुझी,
पार्बता

कोथळखेड
तान्हा पोळा

शेवंता,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी काय उत्तरासाठी लिहिते? मला सांगायला माणूस पाहिजे, आणि इथं सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.

किसन पाटलाची सून वेणू तुला माहीत नाही. तालुक्यातली मुलगी, लग्न होऊन आली तेव्हा मी म्हटलं होतं, ही पोट्टी चार महिने टिकली तर माझं नाव बदला. नाव बदलायची वेळ आली आहे. तुला पत्र टाकलं त्याच आठवड्यात, संध्याकाळी बैल शेतातून परतल्यावर तिनं सगळ्यांना पारावर थांबवलं, डोक्यावरचा पदर सावरला आणि म्हणाली, "जेवनाची पाळी आपन चुकवत नाई. मंग बसायची पाळी काहून नको? रोज पाच घरानं एक-एक मानूस गाडीत बसवायचा. काम असो का नसो. तिकीट काढून."

सखाराम बुढा म्हणाला, "काम नसलं तं थ्या तालुक्यात करू काय मी?"

"दाढी करून या, आबा."

तेव्हापासून सखाराम बुढा दाढीला जातो. एकदा जाऊन आला की दोन दिवसांनी पुन्हा. न्हावी त्याला म्हणाला म्हणे, "आबा, जरा उगवू तं द्या!" मथुराबाई जाते ती स्टँडवरच्या बाकावर बसून लसूण सोलते आणि सोललेला लसूण घेऊन परत येते. तालुक्याचे लोक विचारतात, घरी जागा नाही काय. ती म्हणते, "घरी गाडी नाई."

हसू नकोस. म्हणजे हस, पण ऐक. हे कोणाच्या घरात पैसा उतू जातो म्हणून चाललेलं नाही. ज्यांना पोरी नाहीत तीही माणसं जातात. धोंड्या निपुत्रिक, एकटा जीव, पण त्याची पाळी एकदा चुकली नाही. मी त्याला विचारलं, तुला काय रे फायदा? तो म्हणाला, "सकाळी पोरी गाडीत बसून हसतात, काकू. त्या आवाजानं मले जाग येते. नाई तं मी उठू कायले?" इतकी वर्षं मी धोंड्याला अर्धवट समजत आले. मला माझ्या गावाचा अभिमान वाटतो, शेवंता. उघड लिहिते. तू म्हणाली होतीस या गावात माणसं राहत नाहीत. ये आणि बघ.

तुझ्या घराच्या पाळीला मी आंबाडीची भाजी केली. चाचा म्हणाला, "काकू, ह्या घरची आंबाडी अलगच लागते." घर तुझं, हात माझा. नाव तुझं झालं, चालेल.

पार्बता

कोथळखेड
पितृपक्ष, सप्तमी

शेवंता, काय सांगू! घाईनं लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर विलासकडून वाचून घे.

चार दिवसांमागं ढोरेनं निरोप आणला, सोमवारी आगारातले मोठे साहेब तपासणीला येणार. आपल्याकडं तपासणी म्हणजे काय? फाट्यावर गाडी थांबवतात, तिकिटं बघतात, डोकी मोजतात. इतकी वर्षं तेच पाहिलं. वेणू म्हणाली, "सोमवारी गाडी अशी भरायची का साहेबाले आत पाय ठेवाले जागा नाई पायजे." मग काय! आज सकाळी सगळं गाव नटलं. बायांनी ठेवणीतली लुगडी काढली. पितृपक्षात कोणी नवं नेसतं का, पण नेसल्या. लेकरं, म्हातारे, धोंड्या, सखाराम बुढा. ढोरेला दार लावता येईना. जी माणसं मावली नाहीत ती सोयाबीन सोंगायला माळावर गेली. दारादारांना कुलूप. गावात राहिले मी एकटी.

मी राहिले कारण आज वामनभाऊजींची तिथ. तिकडं विलास करत असेल, पण इथं तुझ्या घरात मी करते, दरसाल. आज पाळीही तुझ्याच घराची होती. कढी, वडे, खीर, गवार, आणि भाऊजींना आवडायची ती आंबाडी, सगळं तुझ्या चुलीवर केलं. आणि ताट वाढायची वेळ आली तेव्हा ध्यानात आलं की पित्तर म्हणून जेवायला बसवायला गावात पुरुष माणूस नाही! सारे गाडीत. रडूच आलं मला. एवढी शहाणी मी, हे कसं सुचलं नाही?

तेवढ्यात पाराशी जीप थांबली. चांगला पोक्त माणूस, चष्मा, हातात पेन. घरोघरची कुलपं बघत बघत तुझ्या दाराशी आला आणि म्हणाला, "आजी, गावात कोणी आहे का?"

"मी काय भूत हाय?" मी म्हटलं. बी-बियाणं विकायला आलेला वाटला मला. पण माणूस होता, उंबऱ्याशी आला होता. विचारलं, "आंघोळ झाली काय तुमची?"

तो गडबडला. "झाली. सकाळीच."

"मंग या, पाय धुवा. पित्तर हाय, जेवाले मानूस नाई."

त्यानं पाय धुतले, पाटावर बसला, बिचारा. मी वाढत होते. दुसरा वडा वाढताना त्यानं सांगितलं, "मी देशभ्रतार. आगारातून आलोय. गाडी चालू ठेवायची की नाही, त्यासाठी गाव बघायला."

वडा हातातच राहिला माझ्या.

"गाव तर बघितलं," तो म्हणाला. "सगळी कुलपं. आजी, वाईट वाटतं, पण इथं कोणी राहतच नाही तर गाडी कोणासाठी?"

"अवो साहेब! सारं गाव तुमच्याच गाडीत बसून तुमालेच भेटाले गेलं!"

"सकाळी दुसऱ्या गावी जाताना फाट्याजवळ एक गाडी दिसली खरी, दारापर्यंत भरलेली. नटलेली माणसं. मला वाटलं कुठलं तरी वऱ्हाड निघालं."

"पितरपाखात लगन? कोन्या गावचे हो तुमी?"

तो थांबला. मग इतका हसला, इतका हसला की ठसका लागला. पाणी दिलं तेव्हा कुठं शांत झाला. आणि मग म्हणाला, "आजी, आंबाडी आहे का अजून?" शेवंता, वामनभाऊजी असंच म्हणायचे. पदरानं तोंड पुसायच्या निमित्तानं मी आत गेले.

मग हा दुखरा गुडघा घेऊन त्याला घरोघर फिरवलं. म्हटलं, तुम्ही कुलपं पाहिली, आता चुली पाहा. एकेक किल्ली कोनाड्यातून काढायची आणि दार उघडायचं. हे सुरतवाल्याचं, पण इथं गुरुवारी मथुराबाईनं वरण-बट्टी केली, ही राख. हे नाशिकवाल्याचं, इथली पाळी परवा धोंड्यानं केली, त्याला पोळ्या येत नाहीत, खिचडीच केली. शेवटच्या घरची पाळी काल रात्रीचीच; साहेबानं वाकून तिथल्या चुलीत हात घातला. राख अजून कोमट होती.

जायला निघेल म्हटलं तर गेला नाही. पारावर बसून राहिला. दिवेलागणीला गाडी आली. माणसं उतरायला लागली ती संपेचनात. उतरले सगळे तोंडं पाडून. दिवसभर स्टँडवर ताटकळली, साहेब काही आला नाही, कोणी घासभर खाल्लं नाही, नव्या लुगड्यांवर धूळ. वेणूनं जीप पाहिली, साहेब पाहिला, आणि तिच्या काय ते ध्यानात आलं. मटकन खालीच बसली ती. म्हणाली, "माह्यामुळं गेली गाडी. माह्यामुळं."

कोणी तिला बोल लावला नाही. सखाराम बुढा, गुळगुळीत गालांचा, काठी टेकत साहेबासमोर गेला आणि म्हणाला, "साहेब, मोजा आता. अजून माळावर हायेत, त्याइले बी बलावतो."

रेवती सगळ्यात शेवटी उतरली. तिनं एवढंच विचारलं, "साहेब, उद्याची गाडी आहे ना?"

साहेब म्हणाला, "आहे."

उद्याची आहे. पुढची माहीत नाही. कागद आगारात जाणार, मग कळणार.

पार्बता

कोथळखेड
घटस्थापना

शेवंता,

गाडी राहिली! काल ढोरे पायरीवरूनच ओरडत आला. पोरींनी भुलाबाईची गाणी सोडून त्यालाच फेर धरला. उत्तम माझा लेक, ज्याच्या तोंडून बरा शब्द निघायला मुहूर्त लागतो, तो रेवतीला म्हणाला, "वह्या हायेत का सरल्या?" तिनं घरभर सांगितलं. वेणूला मी माझं चांदीचं कडं दिलं. तिनं घेतलं नाही, तेव्हा दोन शिव्या दिल्या, मग घेतलं. नाव काही मी बदलणार नाही, पण अशी सून किसन पाटलाला मिळाली आणि मला नाही, हे दुःख राहील.

आता एक सांगायचं राहिलं. मागच्या पत्रात मी ते मुद्दाम गाळलं.

चुली दाखवताना साहेब प्रत्येक घराला एकच विचारत होता, "ही माणसं परत येतात का?" मी सांगत होते. सुरतवाला पेरणीला येतो. नाशिकवाला दिवाळीला. ज्याचं जसं असेल तसं सांगितलं, एक दाणा इकडचा तिकडं केला नाही. फिरून आम्ही पुन्हा तुझ्या दाराशी आलो, त्याचे कागद तिथंच राहिले होते. त्यानं विचारलं, "आणि हे घर? इथली मालकीण कधी येते?"

मी तुझ्या अंगणात उभी होते. आत भाऊजींच्या नावानं जेवलेलं ताट अजून उचललेलं नव्हतं. आणि समोर जेवलेला माणूस. त्याला काय सांगू? की ती रुसली आहे? की ती आमच्या गावाला गाव मानत नाही?

मी म्हटलं, "येनार हाय."

त्यानं कागदावर घेतलं. म्हणाला, "संक्रांत झाली की मी पुन्हा येणार आहे बघायला. तेव्हा याच घरी जेवीन, त्यांच्या हातचं. आंबाडी सांगून ठेवा."

शेवंता, मी भांडखोर आहे, तोंडाची फटकळ आहे, तुला सासूपेक्षा जास्त छळलं असं तू माहेरी सांगायचीस तेही मला ठाऊक आहे. पण पित्तराच्या पाटावर बसलेल्या माणसाशी मी खोटं बोललेली नाही. आजवर नाही. पुढचं तुझ्या हातात आहे.

किल्ली कोनाड्यात.

पार्बता

पुणे
कोजागिरी

मोठ्या बाईंना शेवंताचा नमस्कार.

चारही पत्रं मिळाली. देवळात नव्हते मी. घरातच होते, विलासला सांगत होते, सांग देवळात गेली म्हणून.

यांचं पित्तर तुम्ही दरसाल करता, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. विलास इथं एका गुरुजींना पैसे देऊन येतो. यंदा यांच्या पाटावर गाडीवाला माणूस बसला, हे वाचून मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी विलासला म्हटलं, तिकीट काढ.

दिवाळीच्या आधी येते. तालुक्याहून संध्याकाळची गाडी धरीन. तुम्ही लिहिलं आहे की ती पार गावात येते, तरी विचारते, पिंपळनाल्यावर थांबवतात का? रहीमचाचांना सांगून ठेवा. मला पुलावर घडीभर उतरायचं आहे. सगळ्यांना गाडीत थांबावं लागेल, पण तुमच्या गावाला थांबायची सवय आहे असं दिसतं. मग तीच गाडी मला दारापर्यंत सोडू दे.

तवा वाकडा नाही, चुलीचा एक खूर खचलेला आहे, त्याखाली खापराचा तुकडा द्यायचा असतो. इतकी वर्षं रांधता आणि एवढं कळलं नाही.

साहेबाला आंबाडी मीच करीन. तुमच्या हातची आंबट होते. हे नेहमी माझ्याजवळ तसं म्हणायचे, पण तुमच्यासमोर बोलायची कोणाची छाती?

तुमची,
शेवंता